बाईजवळची जागा

आजी, शेवटी तुला आजोबांच्याच शेजारी ठेवलं.

हे आधी सांगून टाकतो, कारण तू पहिल्यांदा हेच विचारलं असतंस. कोणाची माती करून मी घरी आलो की पाय धुवायच्या आत तुझा प्रश्न यायचा, "कुठं देली जागा?" कोण रडलं, कोण आलं नाही, पाळकसाहेबांनी किती लांबवलं, ते सगळं मागून चहासोबत. आधी जागा. तर ऐक. फाटकातून आत गेलं की उजव्या हाताला, आजोबांच्या कबरीला लागून, फाटकाच्या बाजूनं. म्हणजे आधी तू, मग आजोबा, मग चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्या सगळ्या कबरी, आणि पार मागच्या भिंतीशी बाई. तुझ्या आणि बाईंच्या मधे आजोबा आडवे. पुन्हा.

मी सांगितलं नाही असं समजू नकोस. सांगितलं. पण सांगणारा मी होतो, तिथंच घोटाळा झाला.

काकूचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याला खोलीवर दाढी करत होतो. "दान्या, आजी गेली," एवढंच ती म्हणाली आणि पुढं नुसते घरातले आवाज येत राहिले. भांडी, पावलं, कोणीतरी काकांना हाक मारतंय. मी तोंड पुसलं, शर्ट चढवला आणि स्टँडवर आलो. चिखलीला गाडी बदलली. तिथं एका माणसानं बाहेरूनच खिडकीतून हात घालून माझ्या शेजारच्या सीटवर रुमाल टाकला, मग दारातून धक्के खात आत आला आणि त्या रुमालावर असा निवांत बसला, जसं काही सातबाऱ्यावर त्याचंच नाव आहे. बसल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. बघतच राहिला. मला वाटलं, चेहऱ्यावर दुःख दिसत असेल. म्हणून मी आणखी जरा दुःखी चेहरा केला. मेहकरला उतरून घरात पाय ठेवला तर काकूनं हाताला धरून मला सरळ मोरीत ओढलं. "थोबाड पाह्यलं काय आरशात?" उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर आठवड्याचे खुंट, आणि कानाखाली साबणाचा फेस वाळून पापडी धरलेली. तुझ्या मयतीला मी अर्धी दाढी करून आलो, आजी. पुरी करायला काकांचं सामान मागावं, तर ती वेळ नव्हती. दिवसभर मी तसाच वावरलो. एका बाजूनं माणूस, दुसऱ्या बाजूनं अस्वल.

तू समोरच्या खोलीत, उघड्या पेटीत होतीस. दारावरची नाताळची चांदणी काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. दिवसाउजेडी तिच्यातला दिवा जळत होता. करंज्यांचं सारण फळीवर डब्यात तसंच. बायकांनी तुला आंघोळ घालून प्रभुभोजनाच्या रविवारची पांढरी साडी नेसवली होती. नाकात कापूस घातला होता. आणि जबडा उघडा राहू नये म्हणून हनुवटीखालून कापडाची पट्टी वर नेऊन डोक्यावर गाठ मारली होती. तुझं तोंड बांधलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ती गाठ सोडायची मला इतकी घाई झाली, की मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहिलो. माझे हात माझ्या डोक्याला न विचारता काय करतील याचा भरवसा नाही, हे तूच म्हणायचीस. पण गाठ सुटली असती तर तुझं तू बोलली असतीस, आणि मला बोलावं लागलं नसतं.

आजोबा गेल्यापासून तुझा तो एक ठरलेला बोल होता. म्हाताऱ्या बाया भेटायला आल्या आणि बोलता बोलता मरणाचा विषय निघाला की तू सुरू व्हायचीस. "मले बुढ्याच्या बाजूले नोका ठेवू बरं. जिंदगीभर घोरला तो. तिकडं शेवटला कर्णा वाजन, सारे मेलेले उठतीन, अन् मले याच्या घोरण्यात काई आयकू येनार नाई. मी राह्यली खाली!" मग पदर तोंडाला लावून स्वतःच हसायचीस. "मले बाईजवळ ठेवा. बाई नाई घोरत."

एवढा तयार माल आयता मिळाल्यावर मी कशाला सोडतो? नाताळची जेवणं झाली की अंगणातल्या सतरंजीवर मी आडवा व्हायचो आणि आजोबांचं घोरणं करून दाखवायचो. आधी पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाल्यासारखी घरघर, मग एकदम शांतता, बघणाऱ्याला वाटावं की गेला, आणि मग बारीक शिट्टी. मूठ तोंडाला लावून कर्णा फुंकायचो. मग तू व्हायचो, डोळे चोळत उठणारी, "काय झालं वं? सारे गेले काय?" लोक पोट धरून हसायचे. काका स्वतः फर्माईश करायचे, "दान्या, बाबाचं घोरनं कर." आणि सगळ्यांत जास्त तू हसायचीस. तुझा बोल मी असा गावभर फिरवला, की तो तुझा राहिलाच नाही. माझी नक्कल झाला.

तशी या मंडळीत माझी पत आधीपासूनच काय आहे, ते तुला सांगायला नको. ती सांत्वनाची सभा आठवते? आधीच्या पाळकसाहेबांनी अचानक जाहीर केलं, "दानियेल प्रार्थना करतील." मी गडबडीत डोळे मिटले आणि पहिलंच वाक्य बाहेर आलं, "हे प्रभू, आजच्या या मंगल प्रसंगी..." समोर मेलेल्या माणसाची बायको बसलेली. मला पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून तू खणखणीत "आमेन!" म्हणालीस. सवयीनं सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि प्रार्थना संपली. परत येताना मी मान खाली घालून चालत होतो. तू म्हणालीस, "देवाले समजलं असन बे. त्याले तुयी सवय आहे."

देवाला असेल. काकांना, काकूला, मंडळीला माझी जी सवय झाली होती ती वेगळी होती. मी तोंड उघडलं की हसायचं.

आपला एक वाद अर्धवट राहिला, तोही इथंच सांगून घेतो. ईस्टरच्या दिवशी उजाडता दफनभूमीत उपासना व्हायची. सगळ्या कबरी आदल्या दिवशी चुना लावून पांढऱ्याशुभ्र केलेल्या. थंड वाऱ्यात मंडळी उभी, आणि पूर्वेकडं पहिला उजेड दिसला की गाणं सुरू. वर्षभर चर्चची पायरी न चढणारा मी तेवढ्या एका दिवशी तुझा हात धरून यायचो, आणि उपासना संपली की तुझ्या कानात म्हणायचो, "आजी, यंदाबी कोनी उठलं नाई." तू माझ्या दंडाला चिमटा घ्यायचीस. "घाई काऊन आहे तुले? तू तं आठ वाजल्याबिगर उठत नाई, अन् मेलेल्याइच्या मांगं लागला." एकदा मात्र घरी आल्यावर चपला काढता काढता तू थांबून म्हणालीस, "खरं सांग दान्या, तुले काईच वाटत नाई काय, का आपन पुन्हा भेटू म्हनून?" मी म्हटलं, बघू. तू "बघू" दोनदा स्वतःशी म्हटलंस आणि आत गेलीस. तो वाद तिथंच पडला आहे. आता माझ्याकडं बरंच बोलण्यासारखं आहे, तर समोर कोणी नाही.

त्या कबरींना चुना लावायचं काम तू माझ्याकडं दिलं होतंस. आपल्या दोनच. एक आजोबांची, नाव कोरलेली, फरशीची. दुसरी बाईंची, म्हणजे मागच्या भिंतीशी नुसता दगडांचा ढीग. तुझ्या तरुणपणी मंडळीत एक बायबलबाई होत्या. पिशवीत पुस्तक घालून घरोघर फिरायच्या, बायकांपाशी बसायच्या, त्यांना वाचायला शिकवायच्या. लग्न केलेलं नाही, माहेर माहीत नाही, नाव लावायला कोणी मागं राहिलं नाही. सगळे नुसतं बाई म्हणायचे. तू उंद्रीकडून लग्न होऊन आलीस तेव्हा तुला अक्षर येत नव्हतं. भाकरीचं पीठ परातीत घेतलं की बाई त्यात बोटानं अक्षर काढायच्या, तू गिरवायचीस आणि मग पाणी घालून मळून टाकायचीस. "तुया आज्यानं सारी बाराखडी खाल्ली, अन् त्याले पत्ता नाई," हे तू मला कितीदा सांगितलंस.

तर त्या ढिगाला चुना लावायला एका वर्षी मी एकटा गेलो. तू तापानं पडली होतीस. मागच्या भिंतीशी गेलो तर तिथं दगडांचे दोन ढीग, एकाला एक लागून. मी जरा विचार केला, आणि विचार करून मी जे करतो तेच केलं. चुकीचा ढीग मन लावून रंगवला, वर झेंडूची फुलं ठेवली, डोळे मिटून दोन मिनिटं उभाही राहिलो. पुढच्या वर्षी तू आलीस आणि चुन्याच्या पापड्या बघून थबकलीस.

"हे काय रंगवलं?"

"बाई."

"बाई हे नोय बे. बाई ते बाजूचं."

"मंग हे कोन?"

"काय मालूम. कोनाचा तरी मानूस असन."

मी म्हटलं, खरवडून काढतो. तू हात धरलास. "चुना काढते काय कोनी? लावला तं लावला. त्याले वाटलं असन, आपलं बी कोनी आलं." तेव्हापासून तू दोन्ही ढीग रंगवून घ्यायला लागलीस, दोन्हीवर फुलं ठेवायला लागलीस. वर्षामागून वर्षं चुना चढत गेला आणि दोन्ही ढीग सारखेच दिसायला लागले. कोणता कोणाचा हे मी कधी नीट लक्षात ठेवलं नाही. तू होतीस ना सांगायला.

यंदाच्या ईस्टरला, आदल्या शनिवारी, मी तुला प्लास्टिकच्या खुर्चीसकट तिथं नेऊन बसवलं होतं. बाकीची मंडळी पुढच्या कबरींपाशी होती. मी बादलीत चुना ढवळत होतो. तू म्हणालीस, "दान्या, ते घोरन्याचं मी हसासाठी सांगतो."

"मीबी तं हसासाठीच सांगतो, आजी."

"तसं नोय." तू ढिगाकडं बघत होतीस. "बाई गेली तवा मी तिच्याजवळ नोती. छातीचा आजार झाला होता तिले. चर्चच्या मांगच्या खोलीत पडली होती, खोकलाच खोकला. लोक जेवन दारात ठेवत अन् पयत. म्या खिडकीतून तिले म्हनलं, बाई, उद्या येतो, आंग पुसून देतो. दुसऱ्या दिवशी निघाली, तं बुढा उंबऱ्यावर बसला."

"म्हणजे?"

"म्हंजे बसला. दारात. प्रभाकर, तुया काका, आंगावर पेत होता. 'तिचा आजार घरात आनशीन अन् लेकरू घालवशीन,' म्हने. सारा दिवस तिथून हालला नाई. कामाले गेला नाई. नवऱ्याले ओलांडून जावं कसं? दुसऱ्या दिवशीबी बसला. त्याच्या बाद बाईची थाळी भरल्याभरली दिसली लोकाइले, तवा समजलं."

माझ्या हातातल्या ब्रशवरून चुना माझ्याच बुटावर गळत होता.

"तुले राग नाई आला आजोबाचा?"

"कायचा राग? लेकरू जगलं ना. बुढा चुकला नोता, दान्या. पन बाई वाट पाहून राह्यली होती. मी येतो म्हनलं होतं." तू वाकून ढिगाचा एक घसरलेला दगड वर ठेवलास. "आता मेल्यावरबी त्याच्याच बाजूले झोपली, तं तो पुन्हा उंबऱ्यावर बसल्यासारखाच ना रे. मले इथं आनजो. सांगशीन ना साऱ्याइले?"

मला एक शब्द म्हणायचा होता. हो. वऱ्हाडात तर त्याला नुसतं हाव म्हटलं तरी चालतं. पण तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोळ्यांत पाणी असलेल्या माणसापुढं मला फक्त एकच गोष्ट करता येते. मी म्हटलं, "चिंता नको करू आजी. एष्टीत टाकते तसा रुमाल टाकून ठेवतो इथं. खिडकीजवळची सीट तुयी."

तू माझ्याकडं बघितलंस. जरा जास्तच वेळ. मग हसलीस. "टाक बे, टाक," म्हणालीस, आणि बोट दाखवून म्हणालीस, तिकडचा कोपरा राहिला, तिथं चुना लाव.

हो म्हणायचं राहिलं ते राहिलंच. पुन्हा तो विषय तू काढला नाहीस. मी काढला असता, पण मला वाटायचं, काढला की तू मरशील.

तर त्या दिवशी समोरच्या खोलीत मी काकांना विचारलं, "खड्डा कुठं खंदून राह्यले?"

काका तुझ्या पायाशी बसले होते, तुझ्या पायाचा अंगठा मुठीत धरून. त्यांनी वरही पाहिलं नाही. "कुठं म्हंजे? बाबाच्या बाजूले. तिची जागा ठेवूनच आहे."

"आजीले तिथं नोतं जायचं. तिनं सांगितलं होतं, बाईजवळ..."

"सुरू झालं याचं," काकू म्हणाली.

"खरंच सांगतो, काका."

"हाव, मालूम आहे आमाले. बाबाच्या घोरन्यापाई." काकांचे डोळे सुजलेले होते, तरी ओठाचा कोपरा हलला. "दर नाताळले सांगतो तू."

आणि खोलीतले लोक हसले. मोठ्यानं नाही, मयतीच्या घरात हसतात तेवढंच. कोपऱ्यातल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला, अगदी तुझ्यासारखा. सकाळपासून गच्च झालेल्या त्या खोलीत जरा हवा आली. आणि आजी, मीही हसलो. अर्ध्या दाढीचं ते तोंड घेऊन, तुझ्या पेटीपाशी उभा राहून, सवयीनं हसलो.

पाळकसाहेब तेवढे हसले नाहीत. ते नवीन आहेत, माझ्या नकला त्यांनी पाहिलेल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, "दानियेल, त्या तुम्हाला खरोखर असं बोलल्या होत्या का? काही कारण सांगितलं होतं? अजून खणायला वेळ आहे, माणसं आत्ताच गेली आहेत. सांगा."

एवढं सरळ आयुष्यात मला कोणी विचारलं नव्हतं. कारण माझ्या तोंडात होतं. उंबरा, थाळी, खिडकी, सगळं. मी काकांकडं बघितलं. त्यांनी तुझा अंगठा सोडला नव्हता. पांढऱ्या मिशांचा तो म्हातारा माणूस म्हणजेच तुझ्या अंगावर पिणारं लेकरू, ज्याच्यासाठी आजोबा दारात बसले. मी खरं कारण सांगितलं असतं तर त्यांना काय ऐकू आलं असतं? की 'तुझी आई जन्मभर ज्या गोष्टीसाठी झुरली, तिचं कारण तू.' आणि हे त्यांना कधी कळणार, तर आई पेटीत असताना, तिचा पाय हातात असताना.

मी म्हटलं, "घोरण्यामुळं म्हणायची, साहेब."

पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठ्या आनंदी होत्या," ते म्हणाले.

मी काकांना वाचवलं की स्वतःची कातडी वाचवली, हे मला अजून ठरवता येत नाही. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, लेकरू जगलं ना. पण ते म्हणताना तू ढिगाकडं कशी बघत होतीस, ते मी पाहिलेलं आहे.

दुपार उतरताना तुला नेलं. दोरावर पेटी खाली सोडताना काकांच्या हातातून दोर सरकला आणि पेटी एका बाजूनं आजोबांच्या कबरीकडं कलली, मग टेकली. गाणं सुरू झालं. तुझं आवडतं, ज्यात वरचा सूर लावताना तुझा आवाज दरवेळी फाटायचा. या वेळी तो सूर सगळ्यांनी नीट लावला, आणि ते फार वाईट वाटलं.

मी मागच्या मागं निघालो. कबरींमधून वाट काढत मागच्या भिंतीशी पोचलो. दोन्ही ढीग तिथं होते, ईस्टरचा चुना पिवळट पडलेला, दोन्हीवर झेंडूच्या वाळक्या देठांचा चुरा. कोणत्या बाई? मी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. तुझी खुर्ची कुठं होती ते आठवून पाहिलं. नाही कळलं. ज्याच्याजवळ तुला आणायचं होतं ते माणूस कोणतं, हेही मला धड ठाऊक नव्हतं. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं. मी खिशातला रुमाल काढून खाली पसरला, सकाळी तोंड पुसलेला, साबणाचा वास येणारा. एका ढिगाच्या दगडांखालून मूठभर माती घेतली, दुसऱ्याच्या खालून मूठभर घेतली, चुन्याच्या पापड्या येतील तशा येऊ दिल्या, आणि गाठ मारून पळत आलो.

पाळकसाहेब "मातीला माती" म्हणत होते. लोक एकेक मूठ टाकत होते. मी धापा टाकत काठाशी आलो.

"कुठं गेला होता बे?" काका कुजबुजले. "इथं मातीचा डोंगर पडला आहे, तू तिकून काय कस्तुरी आनली?"

पेटीच्या एका बाजूला आजोबा होते. मी पलीकडची, फाटकाकडची मोकळी बाजू धरली, आणि रुमाल गाठीसकट खाली सोडला. तो झाकणावर पडला, घसरला आणि पेटीच्या कडेला, तुझ्या खांद्याजवळ जाऊन थांबला. गाठ सुटली. पांढऱ्या पापड्या लाकडावर विखुरल्या.

"रुमाल पडला याचा!" काकू म्हणाली. "अवो, काढा कोनी तरी."

खणणाऱ्यांपैकी एकानं फावडं लांबवलं. मी त्याचा हात धरला. "राहू द्या," मी म्हटलं. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, पण त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नाही. त्यानं फावडं मागं घेतलं आणि माती लोटायला सुरुवात केली.

घरी आल्यावर चहा झाला तेव्हा मात्र हसले. "आईच्या मातीत यानं रुमाल बी पुरला," काका सांगत होते, डोळे पुसत होते, हसत होते. मीही त्यात भर घातली. कसा वाकलो, कसा सुटला, कसा हात पुढं केला, सगळं करून दाखवलं. येत्या नाताळला घोरण्याच्या नकलेनंतर आता हीच फर्माईश होणार. होऊ दे. काका हसत होते, तेवढं मला पुरे.

तुला मात्र खरं ठाऊक असावं म्हणून हे लिहिलं. तुला बाईंपाशी नेता आलं नाही, म्हणून बाईंसाठी तुझ्या शेजारी रुमाल टाकला आहे. जरा सरकून जागा कर. एका अंगाला आजोबा घोरत असतील, घोरू दे. दुसऱ्या अंगाला बाई आहेत, आणि माझ्या गोंधळामुळं तो कोणाचा तरी माणूसही आहे, त्यालाही घे सांभाळून. तिघांत कर्णा कोणाला तरी ऐकू येईल आणि ते तुला हलवून उठवतील.

मग तू मला उठव. मी आपला आपण उठणार नाही, आठ वाजल्याशिवाय तर नाहीच.